रोग अस्तराचा, औषध धापेला

दमा ठाऊक नाही असे घर आपल्याकडे विरळाच. आषाढातल्या ढगाळ रात्री म्हाताऱ्या माणसाने उशांना टेकून बसून काढावयाच्या, शाळकरी मुलाने धावण्याच्या शर्यतीतून नाव मागे घ्यावयाचे, सुनेने चुलीपुढे खोकत खोकत स्वयंपाक उरकावयाचा, ही चित्रे इतकी परिचयाची झाली आहेत की त्यांवर काही उपाय करता येण्यासारखा आहे हेच आपण विसरून गेलो आहोत. झटका आला की धावपळ करावयाची, वाफ द्यावयाची, इंजेक्शन टोचून घ्यावयाचे आणि सकाळी श्वास मोकळा झाला की रोग गेला असे समजून पुन्हा कामास लागावयाचे, ही आपली रीत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला ही म्हण आपण नेहमी दुसऱ्यांच्या कारभाराला लावतो. दम्याच्या बाबतीत ती आपल्या घराला, आपल्या दवाखान्यांना आणि आपल्या आरोग्य खात्यालाही तंतोतंत लागू पडते. कारण धाप हे दम्याचे लक्षण आहे, रोग नव्हे. रोग आहे तो श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराचा, आणि धाप नसते त्या दिवशीही तो तेथे मुक्काम ठोकून असतो.

हा विषय आम्ही आज हाती घेत आहोत तो खैरलांजीकडे पाहून. हे नाव ऐकताच वाचकांस भंडारा जिल्ह्यातील त्याच नावाचे गाव आणि २००६ सालचे तेथील हत्याकांड आठवेल. ते गाव हे नव्हे. आम्ही म्हणतो ते खैरलांजी मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात आहे, एका तहसिलीचे ते ठाणे आहे. जुन्या मध्य प्रांतात बालाघाट जिल्हा नागपूर विभागात मोडत असे. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा भंडारा मुंबई राज्यात आला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. नकाशावर रेघ ओढली गेली, परंतु भाषेने, सोयरिकीने आणि भाताच्या शेतीने ती रेघ फारशी मानली नाही. राजधानी दिल्लीच्या धुराविषयी दर हिवाळ्यात रकानेच्या रकाने लिहिले जातात, आणि ते योग्यच आहे. तथापि दम्याच्या शास्त्राने गेल्या साठ वर्षांत जे मिळवले त्याची खरी कसोटी मोठ्या शहरांतील पंचतारांकित इस्पितळांत लागणार नाही. ती खैरलांजीसारख्या तहसिलीच्या गावी लागावयाची आहे. आणि त्याच कसोटीवर समुद्रकाठचे आपले सुशिक्षित राज्य कितपत उतरते, हेही या निमित्ताने पाहावयाचे आहे.

प्रथम हे अस्तर म्हणजे काय ते समजून घेऊ. आपण श्वास घेतो ती हवा नाकाघशातून फुप्फुसांकडे जाते ती झाडाच्या फांद्यांप्रमाणे फुटत जाणाऱ्या नलिकांमधून. या नलिकांना आतून पेशींचे एक नाजूक आच्छादन असते. त्यांतील बहुसंख्य पेशींच्या माथ्यावर अतिसूक्ष्म लव असते. एकेका पेशीवर असे सुमारे २०० केस, आणि ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने हलत असतात. वाऱ्यावर भाताचे शेत डोलावे तशी ही लव डोलते आणि हवेतून आलेली धूळ, परागकण व जंतू यांना कफाच्या पातळ थरावर बसवून घशाकडे परत लोटते. या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, त्यामुळे बाहेरचे काही आतल्या ऊतींपर्यंत सहसा पोहोचत नाही. ही आपल्या देहाची वेस आहे आणि ही लव तिच्यावरचा अहोरात्र जागा असणारा पहारेकरी आहे.

दम्यात ही वेसच ढासळते. पेशींची आपसांतली पकड सैल होते, लव असलेल्या पेशी गळून पडतात, आणि त्यांच्या जागी चिकट कफ तयार करणाऱ्या पेशींची संख्या वाढते. पहारेकरी कमी झाले आणि कचरा वाढला, असा हा दुहेरी घाटा. उघड्या पडलेल्या मज्जातंतूंना थंड हवेचा नुसता स्पर्श झाला तरी खोकल्याची उबळ येते. एवढ्यावर हे थांबत नाही. दुखावलेले अस्तर स्वतःच धोक्याची घंटा वाजवणारी काही प्रथिने सोडते. ती घंटा ऐकून रक्तातील इसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात आणि आपल्या पोटातील दाहक द्रव्ये ओततात. ही द्रव्ये कृमींना मारण्यासाठी निसर्गाने दिलेली. ती अस्तरावर पडली की अस्तरच जळते. जखमेतून दाह आणि दाहातून पुन्हा जखम, असे हे चक्र वर्षानुवर्षे फिरत राहिले म्हणजे अस्तराखालचा पडदा जाड होतो, नलिकेची भिंत कडक होते, आणि तरुणपणी औषधाने मोकळा होणारा श्वास उतारवयात पुरता मोकळा होईनासा होतो. दम्याने झालेले खरे नुकसान हे आहे, आणि ते आवाज न करता होत असते.

या नुकसानीच्या खुणा शास्त्रज्ञांच्या दृष्टीस फार पूर्वीच पडू लागल्या होत्या. फ्रान्समध्ये शार्को यांनी १८५३ साली आणि जर्मनीत लायडेन यांनी १८७२ साली ज्या टोकदार स्फटिकांचे वर्णन केले ते दमेकऱ्यांच्या कफात आढळत. ते स्फटिक इसिनोफिल पेशींतील प्रथिनाचे असतात हे पुढे कळले. त्या पेशींची ओळख पाऊल एर्लिख यांनी १८७९ साली जगाला करून दिली. इंग्लंडमध्ये डनिल यांनी १९६० साली दम्याने मृत्यू पावलेल्यांच्या श्वासनलिकांचा बारकाईने अभ्यास केला, आणि नेलर यांनी १९६२ साली दमेकऱ्यांच्या कफात अस्तरातून सुटून आलेल्या पेशींचे पुंजके दाखवून दिले. म्हणजे रुग्ण जे थुंकून टाकत होता, त्यात त्याच्या श्वासनलिकेचे अस्तरच तुकड्यातुकड्यांनी वाहून जात होते. त्यानंतर १९८५ साली फिनलंडमधील लायटिनेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत रुग्णांच्या श्वासनलिकांतून सूक्ष्म तुकडे काढून पाहिले आणि असे दाखवले की अस्तराची ही हानी मरणोन्मुख रुग्णापुरती मर्यादित नसून हिंडत्याफिरत्या दमेकऱ्यांतही ती असते. चिमट्याने तुकडा काढतानाच अस्तर सुटत असावे, अशी शंका काही तज्ज्ञांनी पुढे घेतली, आणि शास्त्रात अशी शंका घेतलीच पाहिजे. परंतु कफातील पुंजके आणि पेशींमधील सैल झालेले सांधे हे कोणत्याही चिमट्याचे काम नव्हते.

या सर्व इतिहासात सामान्य रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रयोग १९९२ सालचा, आणि तोही फिनलंडचाच. दमा नुकताच जडलेल्या रुग्णांचे तेथे दोन गट केले. एका गटाला श्वासनलिका तात्पुरती सैल करणारे औषध हुंगावयास दिले, दुसऱ्याला दाह शमवणारे ब्युडेसोनाइड हे औषध त्याच पद्धतीने दिले. तीन महिन्यांनी अस्तर तपासले तेव्हा दुसऱ्या गटात लव असलेल्या पेशी पुन्हा उगवून आल्या होत्या. पहिल्या गटात तशी सुधारणा नव्हती. या एका निष्कर्षात आमचे आजचे सगळे प्रतिपादन सामावलेले आहे. श्वास मोकळा करणे आणि अस्तर भरून काढणे ही दोन भिन्न कामे आहेत. पहिल्या कामाने रुग्णाला आज रात्री झोप मिळते. दुसऱ्या कामाने त्याची पुढची वीस वर्षे वाचतात. आपण मात्र पहिले काम करून दुसरे झाले असे मानत आलो आहोत.

अस्तराची स्थिती कळावी म्हणून प्रत्येक वेळी त्याचा तुकडा काढण्याची गरज आता उरलेली नाही. तिची वार्ता देणाऱ्या जैविक खुणा रक्तातून, कफातून आणि श्वासातूनही वाचता येतात. रक्तातील इसिनोफिल पेशींची गणती ही त्यांतली सर्वांत जुनी व स्वस्त खूण. स्वीडनमधील संशोधकांनी १९९१ साली मनुष्याच्या उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साइड हा वायू असतो हे दाखवले, आणि १९९३ साली दमेकऱ्यांच्या उच्छ्वासात तो अधिक असतो हेही सिद्ध केले. दाहग्रस्त अस्तराच्या पेशीच तो तयार करत असल्याने फुंकर मारताच यंत्रावर अस्तराच्या दाहाचा आकडा उमटतो. याशिवाय अस्तरातील विशिष्ट पेशींतून रक्तात झिरपणारी प्रथिने आहेत, अस्तराच्या दाहाबरोबर वाढणारे पेरिऑस्टिन आहे. परंतु या खुणा अद्याप प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावरच घोटाळत आहेत. दुखावलेल्या अस्तराची धोक्याची घंटा जागच्या जागी बंद करणारे टेझेपेलुमॅब नावाचे इंजेक्शन अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये मान्य झाले. अतितीव्र दम्याच्या मोजक्या रुग्णांना अशा औषधांनी नवे आयुष्य मिळते यात संशय नाही. परंतु धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे सारे उत्पन्न ओतले तरी त्यांची वर्षभराची किंमत भरून निघणार नाही, आणि सुदैवाने बहुसंख्य दमेकऱ्यांना त्यांची आवश्यकताही नसते.

या खुणा वाचताना आपल्या भूमीचे भान मात्र सुटता कामा नये. इसिनोफिलिया हा शब्द पश्चिम किनाऱ्यावरील जुन्या पिढीच्या तोंडी चांगलाच रुळलेला होता. रात्रीचा खोकला, धाप आणि रक्तात इसिनोफिल पेशींचा महापूर, अशा या विकाराचे वर्णन वाइनगार्टेन यांनी १९४३ साली केले. हत्तीरोगाच्या कृमींविरुद्ध शरीराने आरंभलेले ते युद्ध असते हे पुढे उमगले, आणि हेट्राझानच्या गोळ्यांनी तो बरा होऊ लागला. खैरलांजी ज्या वैनगंगेच्या खोऱ्यात येते त्या खोऱ्यातील भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांना हत्तीरोग अनोळखी नाही. अनवाणी पायांनी चिखलात रोवणी करणाऱ्याच्या पोटात जंत असले तरीही या पेशी वाढतात. म्हणून युरोपातील रुग्णांवरून ठरवलेला आकडा जसाच्या तसा उचलून बालाघाटच्या किंवा पेडण्याच्या शेतकऱ्याला लावणे धोक्याचे आहे. खूण ही दिशा दाखवणारी असते, निकाल देणारी नसते. ती वाचावयास तिथल्या मातीची, पाण्याची आणि माणसांची माहिती असलेला वैद्य लागतो.

आता खैरलांजीचा विचार करू. हा मुलूख धानाचा आहे. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. त्या धानाच्या मळणीचा आणि भरडाईचा बारीक भुसा हवेत उडतो. जवळच जंगल असल्यामुळे सरपणाला तोटा नाही, आणि सरपण फुकट मिळत असेल तर चूल विझत नाही. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि गॅसची शेगडी कोट्यवधी घरांत पोहोचली हे मान्यच केले पाहिजे. परंतु रिकामे सिलिंडर पुन्हा भरून आणावयाचे तर रोख पैसा लागतो, आणि तो संपला की शेगडीच्या शेजारी चूल पेटते. याच जंगलात तेंदूची पाने तोडली जातात आणि सीमेच्या अलीकडे-पलीकडे विड्या वळल्या व ओढल्या जातात. जिल्ह्यात भरवेली, तिरोडी येथे मँगनीजच्या खाणी आहेत. खाणीच्या धुळीने होणारे फुप्फुसाचे विकार वेगळे आणि दमा वेगळा, हे येथे स्पष्ट केले पाहिजे; सर्वांना एकाच पोत्यात भरले तर कोणालाच न्याय मिळणार नाही. लाकडाचा व विडीचा धूर मात्र अस्तराची लव थेट खुरटवतो, हे निर्विवाद आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी लंडनच्या प्रा. बार्न्स यांच्यासह २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहून, कधीही धूम्रपान न केलेल्यांच्या फुप्फुसविकारात चुलीच्या धुराचा वाटा किती मोठा आहे याकडे जगाचे लक्ष वेधले होते. तो विकार दम्याचा सख्खा शेजारी आहे, आणि बायाबापड्यांत दोन्ही पुष्कळदा एकत्र नांदतात.

अशा मुलखातील एखादी स्त्री महिनाभर खोकते आहे असे समजा. ती सरकारी दवाखान्यात गेली तर तिचा कफ क्षयासाठी तपासला जाईल. हे उत्तमच आहे. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला, आणि कफ तपासण्याची सोय खेड्यापाड्यांपर्यंत नेण्यात या देशाने पुष्कळ कष्ट वेचले. हिवतापासाठी बोटातून रक्ताचा थेंब घेण्याची पद्धतही अशीच गावोगाव रुजली. परंतु त्या स्त्रीच्या कफात क्षयाचे जंतू सापडले नाहीत तर पुढे काय? “काही नाही, घरी जा” असे सांगून आणि खोकल्याची बाटली देऊन तिची पाठवणी केली जाते, असा अनुभव केवळ एका जिल्ह्याचा नाही. क्षय नाही म्हणजे रोग नाही, हा निष्कर्ष काढणाऱ्याने तिच्या अस्तराकडे पाहिलेलेच नसते. मग ती गावातील कोणा भोंदू डॉक्टरकडे जाते. तो स्टिरॉइडची गोळी किंवा पुडी नाव न सांगता देतो आणि दोन दिवसांत तिला बरे वाटू लागते. वर्षानुवर्षे ती पुडी घेतल्याने हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. आणि आणखी एक घात होतो, तो म्हणजे पोटातून घेतलेल्या स्टिरॉइडने रक्तातील इसिनोफिल पेशी दबतात. पुढे कधी ती गोंदियाच्या किंवा नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पोहोचली तर रक्ताचा अहवाल निर्दोष येतो. रोगाची खूणच पुसून टाकलेली असते.

हे चित्र आम्ही कल्पनेने भडक करत नाही. २०१९ सालच्या जागतिक रोगभाराच्या अंदाजानुसार भारतात सुमारे साडेतीन कोटी दमेकरी होते. जगातील दमेकऱ्यांपैकी हे सुमारे १३ टक्के. परंतु दम्याने होणाऱ्या जगातील मृत्यूंपैकी सुमारे ४२ टक्के मृत्यू एकट्या भारतात झाले. रोगी आठांत एक आणि मरणारा पाचांत दोन, या हिशेबाचा अर्थ कोणाही विचारी माणसास लावता येईल. आपल्या हवेत दमा अधिक जहाल आहे एवढ्याने हा फरक उलगडत नाही. ग्लोबल अस्थमा नेटवर्कची भारतातील पाहणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. छातीत घरघर होणाऱ्यांपैकी ८२ टक्के लोकांना आपणांस दमा आहे हे कोणी सांगितलेच नव्हते, असे तिच्यात आढळले. ज्यांचे निदान झाले होते त्यांच्यातही दाह शमवणारे औषध रोज हुंगणारे फारच थोडे निघाले. ज्या रोगाला नाव नाही त्याला औषध कोण देणार?

येथे आपल्या परंपरेची आठवण करून देणे अप्रस्तुत होणार नाही. चरकसंहितेत ज्याला तमक श्वास म्हटले आहे ते दम्याचेच वर्णन होय. धूळ आणि धूर ही श्वासरोगाची कारणे म्हणून तेथे सांगितली आहेत. ढगाळ व थंड हवेत आणि पूर्वेच्या वाऱ्यात त्रास वाढतो, रुग्णाला आडवे होण्यापेक्षा बसण्याने आराम पडतो, हे निरीक्षणही तेथे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा रोग नवा असेल तर साध्य आणि जुना झाला तर ‘याप्य’ असा विवेक चरकाने केला. याप्य म्हणजे औषध चालू ठेवले तोवर ताब्यात राहणारा आणि सोडले की उलटणारा. आधुनिक वैद्यक आज हेच सांगत आहे. आपल्या शास्त्राचा अभिमान मिरवणाऱ्यांनी हा एक शब्द मनावर घेतला असता, तर झटका ओसरताच औषध फेकून देण्याची घोडचूक निदान त्यांनी तरी केली नसती.

पंपाविषयीचे गैरसमज हा या मार्गातला मोठा धोंडा आहे. पंप म्हणजे शेवटचा उपाय, पंपाची सवय लागते, पंप लागला म्हणजे माणूस संपला, असे आपल्याकडे सुशिक्षितही बोलतात. उपवर मुलीच्या पर्समध्ये पंप दिसला तर सोयरीक मोडेल या भयाने आईबाप तो लपवतात, आणि सासरी गेल्यावर ती तो वापरावयाचेच सोडते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. गोळीतील स्टिरॉइड मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि सर्व शरीरभर फिरवतात. पंपातले मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे त्याच्या हजाराव्या भागाच्या मापाने मोजतात आणि ते थेट अस्तरावर पडते. भिंतीला ओल आली तर गिलावा भिंतीला करावा, साऱ्या घराला पाण्यात बुडवू नये, इतके हे साधे आहे. उलट ज्याची खरोखर भीती बाळगावयास हवी तो केवळ श्वास मोकळा करणारा पंप. साल्ब्युटामॉलच्या या पंपाने १९६९ पासून असंख्य प्राण वाचवले. परंतु तो एकटाच वारंवार ओढत राहिले तर खाली अस्तर जळत राहते आणि वर रुग्णाला सारे ठीक वाटते. म्हणूनच दम्याच्या उपचारांची दिशा ठरवणाऱ्या ‘जिना’ या जागतिक संस्थेने २०१९ साली स्पष्ट सल्ला दिला की प्रौढ व किशोरवयीन रुग्णांना नुसता साल्ब्युटामॉल देऊ नये, त्यासोबत दाहशामक औषध हवेच.

खैरलांजीकडे बोट दाखवून आपण गोमंतकीयांनी निर्धास्त होण्याचे कारण नाही. आपल्याकडे इस्पितळ जवळ आहे, रस्ते आहेत, बांबोळीला वैद्यकीय महाविद्यालय आहे. असे असूनही आपला दमेकरी बहुधा मध्यरात्रीच दवाखान्याचे दार ठोठावतो, वाफ घेतो आणि पुढील झटक्यापर्यंत तिकडे फिरकत नाही. चार महिन्यांच्या पावसात आपल्या भिंतींना बुरशी येते, गाद्या-उशांत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे वाढतात. चतुर्थीच्या आधी माळ्यावरची भांडी उतरवून घर झाडावयाचे काम सहसा घरातील बायांकडेच येते, आणि त्यांच्यापैकी जिला दमा असतो तिची चतुर्थी बिछान्यावर जाते. डास हाकलण्याच्या कॉइलचा धूर बंद खोलीत रात्रभर आपण मुलांना पाजतो. देवघरातील उदबत्तीचा सुगंध मंगल आहे, पण दमेकऱ्याच्या खोलीत खिडकी उघडी ठेवली तर देवाला राग येणार नाही. खाणींच्या भरभराटीच्या काळात उसगाव-तिस्क परिसरातील रस्त्यांवर लाल धूळ कशी उडे हे विसरण्याइतका काळ लोटलेला नाही. खाणी पुन्हा जोर धरतील तेव्हा ती धूळ कोणाच्या छातीत जाणार याचा विचार आजच व्हावयास हवा.

उपाय महाग नाहीत, हेच आम्हांस आवर्जून सांगावयाचे आहे. पहिला उपाय निदानाचा. श्वासाचा वेग मोजणारा पीक फ्लो मीटर ही प्लॅस्टिकची साधी नळी आहे. तिला वीज लागत नाही, काही शे रुपयांत ती मिळते, आणि आशा सेविकेलाही ती वापरावयास शिकता येते. ही नळी अस्तराची जैविक खूण नव्हे, ती नलिका किती अरुंद झाली एवढेच सांगते. पण श्वास मोकळा करणाऱ्या औषधानंतर आकडा २० टक्क्यांनी वाढला तर दम्याचा दाट संशय घेता येतो. तिच्या जोडीला रक्ताच्या थेंबातील इसिनोफिलची गणती करावी. ज्या सूक्ष्मदर्शकाखाली हिवतापाचे जंतू शोधले जातात त्याखालीच ती होऊ शकते. आकडा वाढलेला दिसला तर आधी जंतांचा व हत्तीरोगाचा विचार करावा, नंतर दम्याचा. आणि क्षयासाठी तपासलेला कफ निर्दोष निघाला तर त्या रुग्णाला घरी न पाठवता या दुसऱ्या तपासणीकडे वळवावे. यासाठी नवी इमारत नको, नवे खाते नको. एका ओळीचा लेखी आदेश आणि थोडे प्रशिक्षण पुरे आहे.

दुसरा उपाय औषधाचा. ब्युडेसोनाइड हे भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, आणि असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात दम्यालाही जागा मिळाली आहे. कागदावर ते आहे, तर ते उपकेंद्राच्या कपाटातही असले पाहिजे. आणि मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांप्रमाणे महिन्याचे महिन्याला, न मागता मिळाले पाहिजे. पंप कसा ओढावा हे रुग्णाला हातात देऊन शिकवले पाहिजे, कारण चुकीच्या पद्धतीने ओढलेले औषध जिभेवरच राहते. तिसरा उपाय धुराचा. गरीब घराला शेगडी दिली म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. दुसरा, तिसरा आणि दहावा सिलिंडर परवडेल अशी व्यवस्था झाली तरच चूल विझेल.

हे होऊ शकत नाही असे म्हणणाऱ्यांस आम्ही दोन उदाहरणे देतो. फिनलंडने १९९४ साली दहा वर्षांचा राष्ट्रीय दमा कार्यक्रम आखला. लवकर निदान, लवकर दाहशामक औषध, आणि परिचारिका व औषधविक्रेते यांचे प्रशिक्षण, एवढेच त्याचे सूत्र होते. दहा वर्षांत दमेकऱ्यांचे इस्पितळातील दिवस निम्म्यावर आले आणि दर रुग्णामागचा खर्चही घटला. फिनलंड श्रीमंत आहे असे कोणी म्हणेल. तर मग ब्राझीलमधील साल्वादोर पाहा. आपल्याप्रमाणेच पोर्तुगिजांनी राज्य केलेले, समुद्रकाठचे, गरिबांची दाट वस्ती असलेले हे शहर. तेथे २००३ पासून तीव्र दम्याच्या रुग्णांना दाहशामक पंप मोफत देण्याचा कार्यक्रम हाती घेतला गेला, आणि दम्यासाठी इस्पितळात भरती होणाऱ्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणावर उतरले. बाहिया प्रांतात जे घडले ते बार्देशात का घडू नये? आणि बार्देशात घडले तर बालाघाटात का घडू नये?

आरोग्य खात्यांना मृत्यू मोजावयास आवडत नाहीत आणि धापेचे झटके मोजावयाची पद्धतच नाही. म्हणून आमची सूचना अशी की प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने दर महिन्यास दोनच आकडे जाहीर करावेत: झटक्यासाठी वाफ किंवा इंजेक्शन किती जणांना दिले, आणि दाहशामक पंप किती जणांच्या हाती नियमित पोहोचला. पहिला आकडा उतरत आणि दुसरा चढत असेल तर काम चालले आहे असे समजावे. दोन्ही आकडे कोऱ्या वहीत राहिले तर कोणताही समारंभ, कोणतेही फलक त्या केंद्राला वाचवू शकणार नाहीत. आपल्या विधानसभेत आरोग्याच्या मागण्यांवर चर्चा होईल तेव्हा एखाद्या आमदाराने हे दोन आकडे मागावेत. खैरलांजीच्या प्रतिनिधीने ते भोपाळमध्ये मागावेत. अस्तराला झालेली जखम भरून येते, हे १९९२ सालीच सिद्ध झाले आहे. तीन महिने पुरतात. आपण तीस वर्षे घालवली, एवढेच.